ग्रॅहम काउंटी, कॅन्सस : ८,७०० माणसांची २,४१५ कशी झाली?

माळरान

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्येला ग्रॅहम काउंटी आहे. ३० मैल लांब, ३० मैल रुंद, नकाशावर पट्टी ठेवून आखलेला चौकोन. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्यांच्या पावणेचार पट मोठा. २०२० च्या जनगणनेत इथे २,४१५ माणसं होती.

विचिटाहून डेन्वरला जाताना आय-७० महामार्ग सोडून उत्तरेला वळलं की तासाभराच्या आत आपण इथे पोचतो. आम्ही असेच एकदा वळलो. तेव्हापासून या काउंटीबद्दल हाताला लागेल ते वाचते आहे. या मंचावर अमेरिकेत राहणारे बरेच जण आहेत आणि शेतीतली जाणकार मंडळीही आहेत, म्हणून धागा काढतेय.

आधी आकडे. १८८० साली ४,२५८. १९०० साली ५,१७३. १९१० साली ८,७००, आणि हाच कळस. १९३० पर्यंत आकडा ७,७७२ वर टिकून होता, मग घसरगुंडी : १९४० ला ६,०७१, १९५० ला ५,०२०. १९६० ला थोडी उचल, ५,५८६. त्या दशकांत इथे खनिज तेलाची कामं जोरात होती. पुढे १९८० ला ३,९९५, २००० ला २,९४६ आणि आता २,४१५. कॅन्ससमधल्या १०५ काउंट्यांपैकी पश्चिमेकडच्या कितीतरी काउंट्यांचा आलेख असाच दिसतो. त्यामुळे "कोरडवाहू मुलूख, माणसं शहराकडे गेली" एवढं म्हणून लोक पुढे जातात.

मला हे पटत नाही, कारण या चौकोनात निकोडीमस नावाचं एक गाव आहे.

१८७७ हे साल लक्षात घ्या. गुलामगिरी कायद्याने १८६५ लाच संपली होती. पण १८७७ मध्ये केंद्र सरकारने गृहयुद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांत ठेवलेलं उरलंसुरलं सैन्य काढून घेतलं आणि काळ्या माणसाचं मत, मजुरी, जीव यांना कुणी वाली उरला नाही. त्याच वर्षी कॅन्ससमध्ये निकोडीमस टाउन कंपनी निघाली. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे गृहस्थ, हे तिचे म्होरके. केंटकीतल्या चर्चमधून पत्रकं वाटली गेली. सॉलोमन नदीचं सुपीक खोरं, सरकारी जमीन, स्वतःचं गाव. होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळत होती. किरकोळ शुल्क भरायचं, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची, की ती नावावर. जे लोक स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता म्हणून जन्मले होते, त्यांना या पत्रकाने काय वाटलं असेल याचा विचार करा.

सप्टेंबर १८७७ मध्ये पहिली मोठी तुकडी आली, सुमारे ३०० माणसं. रेल्वे एलिस गावापर्यंतच होती, पुढचे पस्तीस-चाळीस मैल पायी किंवा गाडीने. पोचले तर गाव नाहीच. झाड नाही, लाकूड नाही, नुसतं गवत. लोक इतके खवळले की हिलला फासावर लटकवायची भाषा झाली. काही कुटुंबं आल्या पावली परतली.

जी राहिली त्यांनी टेकाडाच्या उतारात खड्डे खणले. वर फांद्या, त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेली माती, एका बाजूला चूल आणि धुराडं. १८७८ च्या वसंतात विलियाना हिकमन ही बाई नवरा-मुलांबरोबर पुढच्या तुकडीतून आली. एलिसला या तुकडीतल्या मुलांना गोवर झाला, काही दगावली. मजल दरमजल करत पोचल्यावर पुरुष ओरडले, ते बघा निकोडीमस. तिला काहीच दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं तिकडे जमिनीतून धूर निघत होता. तिने लिहून ठेवलंय की ते पाहून तिला रडू कोसळलं. पण ती राहिली.

अख्ख्या वसाहतीत तीन घोडे होते. पहिली पेरणी कुदळी-फावड्यांनी झाली. आणि पहिला हिवाळा निभला तो शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी त्यांना मांस दिलं म्हणून.

आता माझा मुद्दा. १८८० च्या दशकात निकोडीमस उभं राहिलं होतं. दगडी इमारती, हॉटेल, दुकानं, दोन चर्च, शाळा, दोन वर्तमानपत्रं. मार्च १८८७ मध्ये मिसूरी पॅसिफिक रेल्वेला बोलावण्यासाठी लोकांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेला, काही मैलांवरून. तिथल्या रेल्वेच्या तळावर बोग नावाचं गाव वसलं. निकोडीमसच्या दुकानदारांनी दुकानं उचलून तिकडे नेली. काहींनी तर इमारतीच ओढून नेल्या.

म्हणजे काउंटीची लोकसंख्या १९१० च्या कळसाकडे चढत होती, त्याच काळात निकोडीमसची बाजारपेठ उठली होती. पावसाने नाही, शहराच्या ओढीने नाही, एका कंपनीच्या निर्णयाने. काउंटीचा एकच आलेख काढला की हे त्यात बुडून जातं.

अनघा_प

फार सुंदर लिहिलं आहेस. विलियानाबद्दल वाचून थांबले. एक मूलभूत प्रश्न : काउंटी म्हणजे आपला तालुका की जिल्हा?

माळरान

@अनघा_प, कामाच्या दृष्टीने जिल्ह्याच्या जवळ. निवडून आलेले कमिशनर, शेरीफ, कोर्ट, जमिनीच्या नोंदी, रस्ते, कर हे सगळं काउंटीकडे. म्हणून काउंटीचं ठाणं कुठे हा जीवनमरणाचा प्रश्न असे. ग्रॅहममध्येही त्यावरून रस्सीखेच झाली. मिलब्रूक नावाचं गाव ठाणं होतं. १८८७ मध्ये चक्रीवादळाने ते उद्ध्वस्त केलं आणि पुढच्या वर्षी ठाणं हिल सिटीला गेलं. हिल सिटी म्हणजे वर आलेल्या त्याच हिलचं गाव. मिलब्रूक आज नकाशावर नाही. हिल सिटीत आजही कोर्ट आहे, इस्पितळ आहे.

शिवारातला

यवतमाळकडचा शेतकरी आहे, म्हणून विचारतो. १६० एकर म्हणजे आमच्याकडे सीलिंगच्याही पलीकडे. आपल्या राज्यात कोरडवाहूची कमाल मर्यादा ५४ एकर. तीनपट जमीन असून माणूस का हटावा? पाऊस किती तिथे?

माळरान

शिवारातला दादा, ज्या प्रश्नाची वाट बघत होते तोच विचारलात.

पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर. तोही लहरी. शंभरावं पश्चिम रेखावृत्त या काउंटीच्या पश्चिम भागातूनच जातं. त्याच्या पूर्वेला पावसावर शेती जमते, पश्चिमेला जमत नाही, अशी साधारण समजूत आहे. १८७८ मध्ये, म्हणजे विलियाना आली त्याच वर्षी, जॉन वेस्ली पॉवेल यांनी सरकारला कोरड्या प्रदेशावर अहवाल दिला. त्यात स्पष्ट होतं की या भागात १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही. चराईसाठी २,५६० एकर तरी हवेत अशी शिफारस होती. कुणी ऐकलं नाही. रेल्वे कंपन्यांना आणि दलालांना वस्ती हवी होती.

त्यात गहू तिथला हिवाळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली राहतो, जूनअखेर-जुलैत काढणी. ओल साठावी म्हणून एक वर्षाआड जमीन पडीक ठेवायची पद्धत पडली. म्हणजे १६० मधले निम्मेच दरसाल पिकाखाली. एकरी उतारा कमी, भाव शिकागोत ठरणार, मधे रेल्वेचं भाडं. बैल-घोड्यांच्या काळात माणूस तग धरून होता, कारण त्याहून जास्त जमीन त्याला कसताच येत नव्हती. ट्रॅक्टर आले, हार्वेस्टर आले, आणि एक कुटुंब हजार-दोन हजार एकर कसू लागलं. शेजाऱ्याची जमीन घेतल्याशिवाय यंत्राचा हप्ता फिटेना. १९३० च्या दशकातला दुष्काळ, धुळीची वादळं आणि पडलेले भाव यांनी जे काठावर होते त्यांना ढकललं. ७,७७२ वरून ६,०७१ ही दहा वर्षांतली पडझड त्याचीच.

शिवारातला

समजलं. जमीन मोठी पण ओल तुटपुंजी. पडीक ठेवण्याचं ऐकून जुन्या लोकांची आठवण झाली, आमच्याकडेही ठेवत. एक विचारतो : निकोडीमसच्या लोकांना कर्ज मिळायचं का? आमचा अनुभव असा की दुष्काळाने माणूस बुडत नाही, दुष्काळानंतर पत नाही म्हणून बुडतो.

टेक्सासवासी

धागा माहितीपूर्ण आहे, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. लोकसंख्या घटणं म्हणजे नेहमी शोकांतिका नसते. आज ती काउंटी १९१० पेक्षा कितीतरी जास्त धान्य पिकवत असेल, एक तृतीयांशाहूनही कमी माणसांत. ज्यांची नातवंडं बाहेर पडली ती शिकली, नोकरीला लागली, सुस्थितीत आहेत. मी पश्चिम टेक्सासमध्ये काम केलंय. तिथे लव्हिंग काउंटीत २०२० ला फक्त ६४ माणसं मोजली गेली, आणि तेलामुळे काउंटीकडे पैसा आहे. जमीन जेवढी माणसं पोसते तेवढीच राहतात. रेल्वेने एक वळण घेतलं म्हणून गाव गेलं असं म्हणताना, त्या काळात रेल्वेने अशी शेकडो गोऱ्या लोकांची गावंही मारली, हे विसरून चालणार नाही.

आकडेमोड

टेक्सासवासी यांच्याशी अर्धा सहमत. काळ्या शेतकऱ्यांचा एकूण हिशेब वेगळाच आहे. १९२० च्या गणनेत अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते, देशातल्या शेतकऱ्यांपैकी १४ टक्के. २०१७ च्या कृषिगणनेत शेती सांभाळणाऱ्या काळ्या व्यक्ती पन्नास हजारांच्या आतच, दीड टक्क्याच्या आसपास. गोरे शेतकरीही घटले, पण या प्रमाणात नाही. आणि शिवारातला यांनी विचारलेला कर्जाचा प्रश्न इथेच येतो. काळ्या शेतकऱ्यांना कर्ज नाकारणं, उशिरा देणं, कमी देणं यावरून त्यांनी थेट केंद्रीय कृषी खात्यावर दावा लावला. पिगफर्ड खटला. १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. पत कुणाला आणि कुणाला नाही, हे पावसाने ठरवलेलं नव्हतं.

माळरान

@टेक्सासवासी, तुमचा रेल्वेचा मुद्दा रास्त आहे. मिलब्रूक गोऱ्यांचंच होतं. पण फरक बघा. गोऱ्या गावातला दुकानदार रूळ जातील तिथे, पुढच्या काउंटीत, पुढच्या राज्यात दुकान थाटू शकत होता. निकोडीमसच्या माणसाला असं गाव हरवणं म्हणजे जिथे तो स्वतः मतदार, शिक्षक, पोस्टमास्तर, हॉटेलमालक होता ती जागाच हरवणं. झॅकरी फ्लेचर तिथले पहिले पोस्टमास्तर, सेंट फ्रान्सिस हॉटेलही त्यांचंच. त्यांच्या पत्नी जेनी फ्लेचर पहिल्या शिक्षिका. १८७८-८० मध्ये ही कामं काळ्या माणसांना अमेरिकेत इतरत्र किती ठिकाणी मिळत होती?

धान्य जास्त पिकतं हे खरं आहे. पण ९०० चौरस मैलांत दर मैलाला आखलेले खडीचे रस्ते आहेत. बर्फ पडला की ते साफ करावे लागतात. शाळा, इस्पितळ, रुग्णवाहिका चालवावी लागते. कर भरायला मात्र २,४१५ माणसं. लव्हिंगकडे तेल आहे, सगळ्यांकडे तसं नाही.

आणि एक गोष्ट मूळ लेखात ठळक यायला हवी असं मला वाटतं, ती इथे लिहिते. दुकानदार गेले तरी शेतकरी गेले नाहीत. बोगला जाऊन बाजार करायचा, पण शेत, चर्च, शाळा निकोडीमसचीच. दगडी फर्स्ट बाप्टिस्ट चर्च १९०७ चं आहे, म्हणजे रेल्वे हुकल्यावर जवळपास वीस वर्षांनी बांधलेलं. टाउनशिप हॉल १९३९ चा, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून उभारलेला. मरणाऱ्या गावात कुणी चुनखडीचं चर्च बांधत नाही.

दर्यावर्दी

वाचतोय. मुळात ती जमीन कुणाची होती यावर कुणीच बोललं नाही. कॅन्सस काही रिकामं नव्हतं.

माळरान

@दर्यावर्दी, नव्हतंच. पॉनी, शायेन, कॉ या मूळनिवासी जमातींचा हा शिकारीचा मुलूख. रानरेडे संपवले गेले, लोकांना दक्षिणेला हलवलं गेलं, मग पट्टीने चौकोन आखले गेले. होमस्टेड कायद्याने वाटलेली जमीन ही अशी मोकळी केलेली जमीन होती. आणि ज्या ओसेज लोकांनी पहिल्या हिवाळ्यात मांस दिलं, त्यांची स्वतःची कॅन्ससमधली राखीव जमीन १८७० च्या कायद्याने विकायला लावली होती. त्यांना सध्याच्या ओक्लाहोमात धाडून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. ज्यांचा मुलूख गेला त्यांनी, ज्यांना कधी मुलूख नव्हता अशा माणसांना खाऊ घातलं. माझ्या दृष्टीने या काउंटीच्या इतिहासात याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

विद्या_रा

एक संदर्भ जोडते. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्यांना दास्यातून मोकळं करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही शूद्र-अतिशूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा अशी आशा त्यात व्यक्त केली. त्या अर्पणपत्रिकेनंतर चार वर्षांनी हे लोक केंटकीहून निघाले. पुण्यात बसून फुले ज्या मुक्तीकडे आशेने बघत होते, ती मिळालेल्या माणसांना पुढे जमीन, पत आणि शाळा यांसाठी काय काय करावं लागलं, ते या धाग्यात दिसतंय. फुल्यांचा स्वतःचा सगळा भर शिक्षणावर आणि शेतकऱ्याच्या स्थितीवर होता, हे या संदर्भात फार जवळचं वाटतं.

निकोडीमसमध्ये आज किती लोक आहेत? तो आकडा राहून गेला का?

माळरान

@विद्या_रा, फार मोलाची भर. मला हे सुचलंच नसतं.

२०२० च्या गणनेत निकोडीमसमध्ये १४. पोस्ट ऑफिस १९५३ मध्ये बंद झालं. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९६ पासून ते नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. पाच जुन्या वास्तू जपल्या आहेत : दोन चर्च, हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल. गृहयुद्धानंतरच्या त्या काळात मिसिसिपीच्या पश्चिमेला काळ्यांनी वसवलेल्या गावांपैकी आज टिकून असलेलं हे एकच.

चौदा हा आकडा खरा आहे, पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे गेलात तर शेकडो माणसं दिसतील. डेन्वर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया, कुठून कुठून वंशज येतात. पूर्वी हा मुक्तीदिनाचा उत्सव होता, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या १८३४ च्या सुटकेची आठवण म्हणून १ ऑगस्टच्या सुमाराला. आता त्याला होमकमिंग म्हणतात. मिरवणूक, जेवणावळी, चर्चमधली प्रार्थना, घराण्यांच्या बैठका. अमेरिकन फुटबॉलमधले वेरिल स्विट्झर इथलेच, १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने त्यांना खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत घेतलं होतं.

दर्यावर्दी

म्हणजे आमच्याकडे गणपतीत होतं तेच. अकरा महिने घराला कुलूप, चतुर्थीला पडवीत पाय ठेवायला जागा नाही. जनगणनेवाला फेब्रुवारीत येतो आणि म्हातारा-म्हातारी मोजून जातो. शेती कोण करतं तिथे आता?

माळरान

काही जमिनी अजून जुन्या घराण्यांच्या नावावर आहेत आणि काही वंशज स्वतः कसतात. बरीच जमीन खंडाने दिलेली असते, तीही त्याच मोठ्या यंत्रांवर चालते. गहू, ज्वारी आणि गुरं. ज्वारी म्हणजे आपलीच, पण बुटकी, लाल दाण्याची, बहुतेक पशुखाद्यासाठी आणि इंधनासाठी जाणारी. ऑगस्टमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडी कणसं बघून मला गाडी थांबवावीच लागली.

अनघा_प

आम्ही पुढच्या उन्हाळ्यात कोलोरॅडोला जाणार आहोत. वाट वाकडी करण्यासारखं आहे का? मुलं बरोबर असतील.

माळरान

नक्की करा. एलिस किंवा वाकीनीजवळ आय-७० सोडा. हायवे २४ गावातूनच जातो. टाउनशिप हॉलमध्ये पार्क सर्व्हिसचं केंद्र आहे, तिथले रेंजर फार आपुलकीने सांगतात. जाण्याआधी वेळा बघून घ्या. मुलांना टोप्या आणि भरपूर पाणी. ऊन हलकं घेऊ नका, जून २०१२ मध्ये हिल सिटीत पारा ४६ अंशांवर गेला होता आणि काही दिवस ते देशातलं सगळ्यात तापलेलं ठिकाण होतं. जेवण, पेट्रोल हिल सिटीतच उरकून घ्या, निकोडीमसमध्ये दुकान नाही.

आकडेमोड

एडवर्ड मकेब यांचं नाव धाग्यात आलं नाही, तेही याच काउंटीतले ना?

माळरान

हो, त्यांच्यावर वेगळं लिहायचं म्हणून ठेवलं होतं, पण आता विषय निघालाच आहे. १८७८ मध्ये निकोडीमसला आले. १८८० मध्ये काउंटीचा कारभार सुरू झाला तेव्हा गव्हर्नरने त्यांना काउंटी क्लार्क नेमलं. १८८२ मध्ये ते कॅन्ससचे स्टेट ऑडिटर म्हणून निवडून आले, १८८४ मध्ये पुन्हा. राज्यभराच्या मतदानाने निवडून आलेला तिथला पहिला काळा माणूस, आणि तो या माळावरच्या गावातून. पुढे ते ओक्लाहोमात गेले, १८९० मध्ये लँग्स्टन हे काळ्यांचं गाव वसवण्यात पुढे होते. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि नव्या विधिमंडळाने पहिलाच कायदा केला तो रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे करणारा. मकेबनी त्याविरुद्ध दावा लावला. सुप्रीम कोर्टात १९१४ मध्ये निकाल विरोधात गेला. पण झोपायचे आणि जेवणाचे डबे फक्त गोऱ्यांना देण्याची मुभा ज्या कलमात होती, ते चुकीचं असल्याचं कोर्टाने त्याच निकालात म्हटलं. १९२० मध्ये शिकागोत ते वारले, दफन टोपेकाला, कॅन्ससमध्ये झालं.

लँग्स्टनवर वाचन चालू आहे. दोन-तीन आठवड्यांत त्यावर धागा काढते. आकडेमोड, तिथल्या १८९० नंतरच्या जनगणनेचे तक्ते वाचायला तुमची मदत लागेल.

आकडेमोड

अवश्य. तक्ते मिळाले की व्यनि करा.